नंदुरबार जिल्हा : प्रेक्षणीय स्थळे

महाराष्ट्राच्या वायव्य टोकाला, गुजरात व मध्य प्रदेशाच्या सीमांना लागून असलेल्या नंदुरबार जिल्ह्यातील तीर्थक्षेत्रे, यात्रास्थळे, गिरिस्थान, उत्खनित टेकाड आणि हुतात्मा स्मारके यांचा विचार या नोंदीत केला आहे. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन हा जिल्हा अस्तित्वात आला. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी (मुख्य ठिकाण धडगाव) हे त्याचे सहा तालुके. दक्षिणेकडे तापीचे काळ्या मातीचे खोरे, उत्तरेला सातपुड्याच्या रांगा आणि त्यांच्याही पलीकडे सरहद्दीवर नर्मदा. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १६,४८,२९५ असून तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के आहे. भिल्ल, पावरा, मावची व कोकणा हे प्रमुख समाज. जिल्ह्यातील ठिकाणांच्या याद्या सहसा तोरणमाळपासून सुरू होतात आणि प्रकाशा, सारंगखेडा अशी दोन-चार नावे घेऊन आटोपतात. वाचणाऱ्याला वाटते, इथे पाहण्यासारखे फारसे काही नसावे. हा समज चुकीचा आहे आणि त्याचे मूळ यादीच्या पद्धतीत आहे. त्या याद्या ठिकाण कुठे आहे एवढेच सांगतात. या जिल्ह्यात मात्र बहुतेक ठिकाणांचे महत्त्व दगडी बांधकामाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, तिथीवर टेकलेले आहे. तिथी वगळली की स्थळाचा पत्ता अपुरा राहतो.

याचा सर्वांत ठसठशीत पुरावा अक्कलकुवा तालुक्यातील काठी येथे मिळतो. सातपुड्याच्या या भागात ब्रिटिश अमदानीत मेहवासी संस्थानिक होते. काठी त्यांपैकी एक. तिथली ‘राजवाडी होळी’ खानदेश-गुजरातभर प्रसिद्ध आहे. परंपरा तेराव्या शतकाइतकी जुनी असल्याचे गावकरी सांगतात. लेखी पुरावा इतका मागे नेणे कठीण असले तरी तिचे आजचे रूप काटेकोर नियमांनी बांधलेले आहे. सत्तर फुटांच्या आसपास उंचीचा सरळ बांबू जंगलातून निवडून आणतात आणि तो होळीचा दांडा म्हणून उभा करतात. बावा, बुध्या, मोरखी अशी सोंगे घेणारे पुरुष आधीचे काही दिवस ‘पालनी’ पाळतात, म्हणजे जमिनीवर झोपतात आणि खाण्यापिण्याचे व संसाराचे निर्बंध सांभाळतात. अंगावर राखेचे पांढरे ठिपके, डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप, कमरेला वाळलेले भोपळे आणि मोठाले घुंगरू अशा वेशात ढोलाच्या ठेक्यावर रात्रभर नाच चालतो. होळी पेटते ती पहाटे. आसपासच्या गावांच्या होळ्या वेगवेगळ्या दिवशी येतात, त्यामुळे पाहुण्यांना एका गावाहून दुसऱ्या गावी जाता येते. त्याआधीच्या आठवडी बाजारांना ‘भोंगऱ्या’ म्हणतात आणि होळीची खरेदी तिथेच होते. हे सगळे ज्या माळावर घडते तो माळ एरवी कुणी पाहायला गेले, तर त्याला माळच दिसेल. तरीही जिल्ह्यातील पहिल्या पाच स्थळांत काठीचे नाव न घालणारी यादी विश्वासार्ह म्हणता येणार नाही.

अक्राणी तालुक्यातील अस्तंभा (अस्तंबा) शिखराचेही असेच आहे. सुमारे १,३२५ मीटर उंचीचे हे शिखर महाराष्ट्रातील सातपुड्याचे सर्वोच्च टोक मानले जाते. कपाळावरची भळभळती जखम घेऊन, तेल मागत फिरणारा अश्वत्थामा याच डोंगरात आहे, अशी श्रद्धा आहे. वाट चुकलेल्याला तो रस्ता दाखवतो असेही सांगतात. धनत्रयोदशीपासून दिवाळीच्या दिवसांत तळोद्याकडून यात्रेकरूंचे जथे निघतात आणि डोंगरवाटांनी चढून वर शिळारूप देवाला भेटतात. वर राऊळ नाही, कळसही नाही, कोरीव खांब तर नाहीतच. महाभारतातील पात्रांच्या नावाने ओळखली जाणारी लेणी आणि मंदिरे देशभर आढळतात. इथे त्या पात्राच्या नावाने कुणी काही उभारले नाही, दरवर्षी लोक चालत गेले एवढेच.

यावर सरळ आक्षेप असा की, यात काय विशेष? पंढरपूरही आषाढीलाच पंढरपूर असते आणि जेजुरी सोमवतीलाच भरते. मुद्दा रास्त आहे, पण प्रमाणाचा फरक त्यात हरवतो. कुठल्याही आडवारी पंढरपुरास गेलेल्या माणसाला विठ्ठलाचे देऊळ, नामदेव पायरी आणि चंद्रभागेचे वाळवंट दिसतेच. यात्रा त्यात भर घालते. काठी किंवा अस्तंभा येथे यात्रा वजा केली की बाकी जवळजवळ शून्य उरते. शहादा तालुक्यातील सारंगखेडा या दोहोंच्या मध्ये कुठेतरी येते. तापीकाठच्या या गावात एकमुखी दत्ताचे मंदिर असून दर्शन बारमाही घेता येते. पण सारंगखेड्याचे नाव देशभर गेले ते दत्तजयंतीच्या यात्रेतील घोड्यांच्या बाजारामुळे. मारवाडी, काठियावाडी, पंजाबकडचे पांढरे नुकरा असे घोडे इथे येतात. जाणता गिऱ्हाईक आधी जनावराचे ओठ वर करून दातांवरून वय ताडतो, मग अंगावरचे केसांचे भोवरे शुभ जागी आहेत की अशुभ ते पाहतो आणि शेवटी रेवाल चाल काढायला लावतो, सौदा त्यानंतरचा. राजस्थानातील पुष्करप्रमाणेच हा बाजार देवाच्या आधाराने वाढला. पर्यटन विभागाच्या पुढाकाराने अलीकडे ‘चेतक फेस्टिव्हल’ असे नाव देऊन तंबू आणि रंगमंच आले. यात्रेला नवे बारसे घालण्याची गरज होती का, हा प्रश्न आहेच. घोडे त्याआधीही येत होतेच.

प्रकाशा हे या प्रतिपादनाला आव्हान देणारे ठिकाण. तापी आणि गोमाई यांच्या संगमावरील हे गाव ‘दक्षिण काशी’ म्हणून ओळखले जाते. केदारेश्वर, संगमेश्वर, पुष्पदंतेश्वर ही इथली शिवमंदिरे. घाटांवर अस्थिविसर्जन, उत्तरकार्ये, नारायण नागबळी यांची वर्दळ वर्षभर असते. नर्मदा परिक्रमेच्या दक्षिणतटाच्या वाटेवर वाहनाने जाणारे परिक्रमावासीही इथे मुक्काम करतात, हे लक्षात घेण्याजोगे आहे. तापीचे तीर्थ नर्मदेच्या यात्रेत सामावून गेले ते सातपुड्यातील वाटांच्या सोयीने. मंदिरांपेक्षाही कितीतरी जुना पुरावा मात्र गावाशेजारच्या टेकाडात मिळाला. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणातर्फे बी. के. थापर यांनी १९५५ मध्ये येथे उत्खनन केले, तेव्हा सुमारे १७ मीटर जाडीचे वस्तीचे थर उघड झाले. सर्वांत खाली ताम्रपाषाणयुगीन वस्ती, त्यात माळवा आणि जोर्वे धाटणीची रंगीत मडकी. त्यावर लोखंड व काळी-तांबडी भांडी वापरणाऱ्यांचे थर. त्याच्याही वर इसवी सनाच्या आगेमागे सुरू होऊन मध्ययुगाच्या तोंडापर्यंत येणारे थर. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या सहस्रकापासून माणसाने ही जागा निवडली, सोडली आणि पुन्हा निवडली. माळव्याकडून दख्खनमध्ये उतरणारी आणि तापीच्या काठाने समुद्राकडे जाणारी वाट इथे एकमेकींना छेदतात, हे त्यामागचे कारण. म्हणजे इथे जागाच श्रेष्ठ आणि तिथी दुय्यम, असे म्हणता येईल का? अर्धेच. उत्खननाचे खड्डे बुजले, वस्तू गेल्या. टेकाडाकडे पाहून अनभिज्ञ माणसाला मातीचा उंचवटा दिसेल. गौतमेश्वर मंदिरापाशी बारा वर्षांनी गुरू सिंह राशीत प्रवेश करताच ध्वज चढतो आणि नाशिकप्रमाणे इथेही सिंहस्थ सुरू होतो, तेव्हा मात्र प्रकाशा पुन्हा सबंध तापीखोऱ्याचे होते. जुनी वस्ती पुरातत्त्वज्ञांनी ओळखली ती १९५५ मध्ये, पण जागेचे माहात्म्य लोकांनी त्याआधी पिढ्यान्‌पिढ्या पंचांगातच जपले होते.

खरा अपवाद तोरणमाळचा. सुमारे १,१५० मीटर उंचीवरील हे पठार थंड हवेसाठी बारा महिने खुले आहे. शहाद्याहून जाणारा रस्ता सातपायरी घाटाने चढतो. वर यशवंत तलाव, कमळ तलाव, खडकी पॉइंट, मच्छिंद्रनाथांची गुहा, गोरक्षनाथ मंदिर, आणि पावसाळ्यात धबधब्याने भरणारी सीताखाई. जुन्या तटबंदीचे अवशेषही आहेत. इथे पंचांग पाहून यायची गरज नाही. महाशिवरात्रीला गोरक्षनाथाच्या यात्रेची गर्दी झेपत नसेल, तर पंचांग पाहून टाळणेच बरे. तरीही तोरणमाळला जिल्ह्याचे प्रतिनिधी समजणे ही चूक आहे. महाबळेश्वराशी तुलना करून त्याला ‘उपेक्षित’ ठरवण्याचा प्रघात पडला आहे. पण ज्या निकषाने ते उपेक्षित ठरते तो निकषच जिल्ह्यातील बाकीच्या ठिकाणांना लागू पडत नाही.

जिल्ह्यात मोठी बांधकामे कमी का, याचे उत्तर भूगोलाइतकेच इतिहासातही आहे. नंदुरबार हे पेठेचे गाव होते, राजधानीचे नव्हते. इब्न बतूता १३४२ च्या सुमारास दौलताबादहून खंबायतकडे जाताना इथून गेला आणि त्याने मराठ्यांचे एक लहान शहर, तिथले कुशल कारागीर, वैद्य आणि ज्योतिषी यांची नोंद केली. आइन-इ-अकबरीत नंदुरबार हे माळवा सुभ्यातील सरकार म्हणून येते. सतराव्या शतकात सुरतेच्या व्यापारामुळे इंग्रजांची वखारही काही काळ इथे होती. माल येत-जात राहिला, पण दरबार इथे बसला नाही. त्यामुळे महाल, मकबरे आणि कीर्तिमंदिरे उभारणारा आश्रयदाता मिळाला नाही. तळोद्याची बारगळ गढी हा एक उल्लेखनीय अवशेष. मल्हारराव होळकर यांचे बालपण इथे मामा भोजराज बारगळ यांच्या आश्रयाला गेले आणि मामाचीच मुलगी गौतमाबाई त्यांची पत्नी झाली. पुढे होळकरांची वास्तुसंपदा उभी राहिली ती माळव्यात.

जी स्मारके आहेत, त्यांचाही जीव तारखेतच आहे. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारमध्ये तिरंगा घेऊन निघालेल्या मुलांच्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळीबार केला. शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास हे पाच जण हुतात्मा झाले. शिरीषकुमार तेव्हा पंधरा वर्षांचा होता. शहरातील स्मारकाला राज्यभरातील शाळकरी मुले पाठ्यपुस्तकांमुळे ओळखतात. त्यानंतर सहा महिन्यांच्या आत, २ मार्च १९४३ रोजी, तळोदा तालुक्यातील रावलापाणी येथे झालेला गोळीबार त्या मानाने विस्मृतीत राहिला. संत गुलाम महाराजांनी भिल्ल समाजात दारूबंदी आणि सामूहिक आरती यांचा प्रसार करणारा ‘आप’ पंथ मोरंबा (रंजनपूर) येथून उभा केला होता. १९३८ मध्ये त्यांच्या निधनानंतर बंधू रामदास महाराज पुढे झाले आणि त्यांच्या अनुयायांच्या जमावावर रावलापाणीच्या नदीपात्रात गोळ्या झाडल्या गेल्या. पंधरा जण मृत्युमुखी पडले. दोन्ही ठिकाणी दरवर्षी त्या-त्या तारखेला अभिवादन होते. दोन्हींमधील अंतर एका दिवसात आटोपण्याजोगे आहे. प्रसिद्धीतले अंतर फार मोठे. जिल्ह्याच्या कोणत्याही सहलीत एक ठेवून दुसरे गाळणे समर्थनीय नाही.

या प्रतिपादनाची कसोटी नर्मदेच्या काठावर लागली. सरदार सरोवर प्रकल्पात महाराष्ट्रातील ३३ गावे बाधित झाली, ती सगळी अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतली. मणिबेली हे त्यांतील अगदी सुरुवातीला पाण्याखाली जाणारे गाव. १९९४ मध्ये मोठ्या धरणांना जागतिक बँकेने पैसा देऊ नये अशी मागणी करणारा जाहीरनामा या गावाच्या नावाने प्रसिद्ध झाला. मणिबेलीनजीकचे शूलपाणेश्वराचे प्राचीन देऊळही जलाशयात गेले आणि गुजरातमध्ये गोऱ्याजवळ नवे बांधले गेले. परिक्रमावासी ज्या प्रदेशाला शूलपाणीची झाडी म्हणतात, ते नाव आणि त्यातली वाट मात्र टिकून आहे. वास्तू बुडाली, यात्रा सरकून पुढे गेली. यात समाधान मानावे असे काहीही नाही. काठावरची शेते आणि स्मशाने अशी हलवता येत नाहीत. राज्याच्या सीमेचेही असेच आहे. इथल्या आदिवासींची देवी याहामोगी माता हिचे मूळस्थान अक्कलकुवा तालुक्यातील दाब असल्याचे मानतात, तर तिची महाशिवरात्रीची मोठी यात्रा गुजरातमधील सागबारा तालुक्यातल्या देवमोगरा येथे भरते. नवी बांबूची टोपली, नवे धान्य आणि मोहाची दारू घेऊन निघणाऱ्या कुटुंबाला वाटेत १९६० ची सरहद्द लागते, पण त्याच्या वाटेत तिने काही फरक पडत नाही.

एक आक्षेप याहून गंभीर आहे. होळी किंवा याहामोगीची पूजा ही कुणाची तरी व्रते आहेत. त्यांना ‘प्रेक्षणीय’ म्हणून नोंदवणे म्हणजे परक्या माणसाच्या देवघरात डोकावण्याचे आमंत्रण नव्हे काय? धोका खराच आहे, आणि पालनी धरलेल्या बुध्याच्या तोंडासमोर कॅमेरा नाचवणारे दरवर्षी वाढत आहेत. पण ही स्थळे गाळल्याने तो टळत नाही. गाळल्याने एवढेच होते की जिल्हा एका तलावाचा आणि तीन देवळांचा उरतो. शिवाय या यात्रा बंदिस्त नाहीत. गावागावांच्या तारखा मागेपुढे ठेवण्याची रीतच पाहुणा येणार हे गृहीत धरून आहे. पाहुण्याने नियम विचारून वागावे, आणि व्यवस्थेने यात्रेच्या दोन दिवसांपुरते मंडप घालण्याऐवजी धडगाव-मोलगीकडचे रस्ते व दवाखाने बारमाही करावेत, इतपत अपेक्षा वाजवी आहे.

सुरत–भुसावळ रेल्वेमार्गावरील नंदुरबार आणि नवापूर ही जिल्ह्यात उतरण्याची सोयीची स्थानके. नवापूर स्थानकाच्या मधूनच महाराष्ट्र–गुजरात सीमारेषा जाते आणि फलाटावरील एक बाक दोन राज्यांत वाटलेले आहे. ते पाहायला मात्र कोणतीही तिथी चालते. तोरणमाळसाठी पावसाळ्याचा शेवट ते जानेवारी, अस्तंभ्यासाठी दिवाळी, सारंगखेड्यासाठी मार्गशीर्ष पौर्णिमा, देवमोगऱ्यासाठी माघ वद्य चतुर्दशी आणि काठीसाठी फाल्गुन पौर्णिमेच्या आगेमागे, गावात तारीख विचारून, जावे.