नटाची पदवी

अमेरिकेंतील पिट्सबर्ग हें शहर पोलादासाठीं जगप्रसिद्ध होतें. भट्ट्यांच्या धुरानें तेथील आकाश भरदिवसां काळवंडलेलें असे, आणि शहराचें वैभव लोखंड, कोळसा व मजुरांचे श्रम यांवर उभें होतें. अशा ठिकाणीं नाट्यदेवतेनें घर करावें, हें कोणाच्या स्वप्नींही आलें नसतें. तथापि रंगभूमीचा अभ्यास करून पदवी मिळविण्याची सोय अमेरिकेंत प्रथम झाली ती याच शहरांत, १९१४ सालीं. हार्वर्ड, येल यांसारख्या जुन्या विद्यापीठांनीं जें केलें नव्हतें, तें एका तंत्रशिक्षणाच्या संस्थेनें केलें. हा इतिहास मनोरंजक तर आहेच. पण विद्या कशास म्हणावें, या जुन्या वादावरही तो प्रकाश पाडतो.

अभिनय शिकविणाऱ्या शाळा त्यापूर्वीं नव्हत्या असें नाहीं. न्यूयॉर्क येथें १८८४ सालीं अशी एक शाळा निघाली होती. लंडनमध्यें प्रख्यात नट हर्बर्ट बीरबोम ट्री यांनीं १९०४ सालीं दुसरी काढली. परंतु या शाळांतून धंद्याचें शिक्षण मिळे. विद्वत्तेची मोहोर मिळत नसे. विद्यापीठांत नाटकें शिकवीत, पण तीं छापील ग्रंथ म्हणून. शेक्सपीअरच्या एका ओळीचे पाठभेद सांगणारा विद्यार्थी पंडित ठरे. तीच ओळ रंगभूमीवर उभा राहून जिवंत करणारा मात्र हौशी समजला जाई. त्यांतच नटाच्या पेशाकडे समाजाची पाहण्याची दृष्टि फारशी निर्मळ नव्हती. जो धंदा घरंदाज आईबाप मुलांस करूं देत नसत, त्याला विद्यापीठानें मानाची झूल कशी चढवावी?

हार्वर्ड विद्यापीठांतील अध्यापक जॉर्ज पिअर्स बेकर यांस ही तटबंदी खटकली. त्यांनीं नाट्यलेखनाचा एक वर्ग चालविला. अभ्यासक्रमांतील त्याचा क्रमांक ४७ होता. म्हणून १९१२ सालीं त्याला जोडून निघालेल्या कार्यशाळेसही 'सत्तेचाळीस'चेंच नांव पडलें. विद्यार्थ्यांनीं लिहिलेलीं नाटकें तेथें रंगभूमीवर येत. प्रेक्षक निमंत्रित असत, आणि पाहिलेल्या प्रयोगावर त्यांनीं आपलें मत लिहून द्यावें असा नियम होता. पुढें नोबेल पारितोषिक मिळविणारे नाटककार यूजीन ओनील १९१४-१५ मध्यें याच वर्गांत बसले होते. एवढें होऊनही हार्वर्डनें या विषयास पदवी दिली नाहीं, कीं त्यासाठीं नाट्यगृह बांधलें नाहीं.

पिट्सबर्गची कथा निराळी. पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी यांनीं १९०० सालीं तेथें कामगारांच्या मुलांमुलींकरितां तंत्रशाळांचा पाया घातला. १९१२ सालीं त्यांचें 'कार्नेगी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी' असें नामांतर होऊन तेथें पदव्या देण्यास प्रारंभ झाला. यंत्रविद्येच्या शेजारींच स्थापत्य, चित्रकला आणि संगीत यांचे वर्ग होते. त्यांत नाट्याची भर पडली, आणि त्या शाखेचे प्रमुख म्हणून थॉमस वुड स्टीव्हन्स यांची नेमणूक झाली. स्टीव्हन्स हे कवि, मुद्रक व चित्रकार असून शेंकडों लोकांस एकत्र आणून उघड्या मैदानावर ऐतिहासिक देखावे उभे करण्यांत त्यांचा हातखंडा होता.

जुन्या विद्यापीठास जें अवघड वाटलें तें तंत्रसंस्थेस सोपें कां गेलें, याचें उत्तर तिच्या स्वभावांत सांपडतें. जेथें यंत्र कळणें म्हणजे तें चालवितां येणें, तेथें नाटक कळणें म्हणजे तें करून दाखवितां येणें, हें निराळें पटवावें लागत नाहीं. येथें विद्यार्थी ग्रंथ वाची, तसाच तो आवाज कमावी, शरीर घडवी, पडदे रंगवी, आणि अखेर प्रेक्षकांपुढें उभा राही. इंग्लंडमधील अनुभवी दिग्दर्शक बेन आयडन पेन यांनीं तेथें अनेक वर्षें अध्यापन केलें. तेच पुढें १९३५ सालीं स्ट्रॅटफर्ड येथील शेक्सपीअर स्मारक नाट्यगृहाचे संचालक झाले.

हार्वर्डमध्यें सुमारें तीन तपें घालविल्यावर बेकर यांनींही अखेर ती संस्था सोडली. एडवर्ड हार्कनेस या धनिकानें येल विद्यापीठास दहा लक्ष डॉलर्स दिले, आणि १९२५ सालीं बेकर तेथील नव्या नाट्यविभागाचे प्रमुख झाले. पुढल्याच वर्षीं तेथें स्वतंत्र नाट्यगृह उभें राहिलें, आणि त्याच वर्षीं येलनें ओनील यांस सन्मान्य पदवी दिली. बेकर यांच्या वर्गांत तो एक वर्षच टिकला होता, हें लक्षांत घेतलें म्हणजे या प्रसंगाची गंमत कळते.

महाराष्ट्रांतील नट दुसऱ्याच विद्यापीठांत तयार झाले. विष्णुदास भावे यांनीं १८४३ सालीं सांगलीस पहिला प्रयोग केल्यापासून नाटकमंडळी हीच नटाची शाळा होती. मुलगा लहानपणीं मंडळींत दाखल होई, बिऱ्हाडीं राही, पंगतीस जेवी, आणि गोविंद बल्लाळ देवल यांच्यासारख्या तालीममास्तरांच्या हाताखालीं एकेक शब्द घोटी. त्या शिक्षणाला प्रमाणपत्र नव्हतें. पण परीक्षा रोज रात्रीं होई, आणि तिकीट काढून आलेला परीक्षक दयामाया जाणत नसे. मात्र मंडळी बुडाली कीं तेथली विद्याही बुडे, आणि उतारवयांत नटाच्या हातीं कांहींच उरत नसे. मंडळ्यांचा काळ मावळल्यावर हें शिक्षण कोठें ठेवावें, हा प्रश्न उभा राहिला. बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या आश्रयानें १८८६ सालीं संगीतशाळा निघाली होती. १९४९ सालीं स्थापन झालेल्या तेथील विद्यापीठानें संगीत व नृत्य यांच्या जोडीस नाट्यालाही पदवीचें स्थान दिलें. पुणें विद्यापीठांत १९८७ सालीं ललित कला केंद्र सुरू झालें, आणि तेथें संगीत, नृत्य व नाट्य हे तिन्ही विषय पदवीसाठीं शिकवूं लागले.

पदवीनें नट होतो काय, असा प्रश्न आजही विचारला जातो. न्यायाधीश होण्यास कायद्याची पदवी लागते, पण तिनें न्यायबुद्धि येत नाहीं. तसेंच हें आहे. ओनील पदवीवांचून थोर झाले, आणि पदवी घेतलेले अनेकजण रंगभूमीवर एक रात्रही टिकले नसतील. परंतु पदवीचें मोल दुसऱ्या ठिकाणीं आहे. ज्या घरांतील मुलास किंवा मुलीस नट होण्याची इच्छा उघड बोलण्याची चोरी होती, त्या घरांत आतां ती इच्छा अभ्यासाच्या नांवानें बोलतां येते, आणि एका गुरूबरोबर लोपणारी विद्या दुसऱ्या पिढीच्या हातीं पद्धतशीर देतां येते. तालीममास्तराचा कडक हात आणि तिकीट काढणारा प्रेक्षक यांची उणीव मात्र विद्यापीठास आपल्याच प्रयत्नानें भरून काढावी लागते. बेकर आपल्या प्रेक्षकांकडून मत लिहून घेत, तें कदाचित् हें ओळखूनच.