मतदारयादी आणि हिशेब : मोलगीच्या मेवासी मुलुखाविषयी एक टिपण

मोलगी हे अक्कलकुवा तालुक्यातील, सातपुड्याच्या डोंगरातले बाजाराचे गाव. भोवतालचा मुलूख इतिहासात मेवासी म्हणून ओळखला जातो. काठी, नाल, सिंगपूर व नवलपूर येथील पाडवी, गव्हाळीचे वळवी आणि चिखलीचे वसावे असे सहा मेवासी प्रमुख इंग्रजी दप्तरात नोंदलेले आढळतात. पैकी काठी तर मोलगीच्या जवळच आहे. येथील मताधिकाराचा विचार १९५२ च्या निवडणुकीपासून सुरू करणे सोयीचे खरे. परंतु तसे केल्यास त्या अधिकाराचे या भागातील वेगळेपण ध्यानात येत नाही.

खानदेशातील मेवासी मुलूख १८७४ च्या अनुसूचित जिल्हे कायद्याखाली आला. पुढे १९३५ च्या कायद्यानुसार १९३६ मध्ये जो हुकूम निघाला, त्यात पश्चिम खानदेशातील इतर काही भागांबरोबर या सहा प्रमुखांची गावेही ‘अंशतः वगळलेले क्षेत्र’ ठरली. याचा अर्थ असा की विधिमंडळाने केलेला कोणताही कायदा गव्हर्नरने जाहीर सूचनेने तसे फर्माविल्याखेरीज येथे लागू होत नसे. मुंबई विधानसभेच्या १७५ जागांपैकी मागासलेली क्षेत्रे व जमाती यांच्यासाठी एकच जागा होती, आणि तीही साऱ्या इलाख्यासाठी! या व्यवस्थेचे समर्थन रक्षणाच्या नावाने केले जाई, आणि तो हेतू सर्वस्वी खोटा होता असे म्हणता येणार नाही. पण ज्याचे रक्षण करावयाचे त्याला विचारणा करण्याचा अधिकारच नसला, तर रक्षण करणाऱ्यावर अंकुश कोणाचा? सिमिंग्टन यांनी १९३० नंतरच्या दशकाच्या अखेरीस या क्षेत्रांविषयी जो अहवाल दिला, त्यातील सावकारी, वेठ आणि जंगलखात्याच्या खालच्या नोकरांचा जाच यांचे वर्णन वाचले म्हणजे या प्रश्नाचे उत्तर मिळते. कारभारातील नीतीचा प्रश्न येथे मताधिकाराच्या अभावातून उद्भवला होता, असे मला वाटते.

१९५० मध्ये राज्यघटना अमलात आली. अक्षरओळख व मालमत्ता यांच्या अटी गेल्या आणि प्रत्येक प्रौढ माणसाला मत मिळाले. १९५२ व १९५७ मध्ये प्रत्येक उमेदवाराची निराळी पेटी असे व तिच्यावर त्याचे चिन्ह चिकटविलेले असे. मतदाराने पडद्याआड जाऊन कोरी पत्रिका इष्ट पेटीत टाकावयाची. निरक्षराला ही पद्धत सोपी होती. परंतु पत्रिकेवर मतदाराची खूण नसल्यामुळे ती लपवून बाहेर आणता येई आणि विकताही येई. हा गैरप्रकार देशात काही ठिकाणी उघडकीस आला. १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत पत्रिकेवर शिक्का मारण्याची पद्धत आली, त्याचे हे एक कारण होय.

मत पेटीत पडण्याआधी नाव यादीत पडावे लागते, आणि येथे भाषेच्या अभ्यासकाला बोलण्यास जागा आहे. पहिल्या निवडणुकीच्या वेळी देशातील सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून गळली, कारण त्या ‘अमक्याची बायको’ किंवा ‘तमक्याची मुलगी’ अशाच नोंदल्या गेल्या होत्या. हा प्रकार मुख्यतः उत्तरेकडील राज्यांतला. मोलगीकडील अडचण वेगळ्या जातीची आहे. ग्रिअर्सनच्या भाषा-पाहणीच्या भिली बोलींवरील भागात (१९०७) देहवाली, नोइरी व पावरी यांची नोंद आहे. भिली बोलींत मूळ ‘स’चा उच्चार पुष्कळदा ‘ह’ होतो. ‘सात’चा ‘हात’ होतो. सपाटीवरून आलेला, प्रमाण मराठीत लिहिणारा लेखनिक ऐकले तसे लिहील, की आपल्या समजुतीने ‘शुद्ध’ करून लिहील? दोन लेखनिकांनी दोन प्रकारे लिहिले म्हणजे एकाच माणसाची दोन कागदांवर दोन नावे होतात. लेखनातील किरकोळ फरकावरून, ओळख पटत असता, कोणासही परत पाठवू नये अशा निवडणूक आयोगाच्या सूचना आहेत. त्या योग्यच आहेत. मात्र ‘किरकोळ’ कशाला म्हणावे हे ठरविणाऱ्याला बोलीचे ज्ञान असेलच असे नाही.

अंतराची अडचण सर्वांना दिसते. नर्मदाकाठचे मणिबेली हे राज्यातील पहिल्या क्रमांकाचे मतदान केंद्र. सरदार सरोवराच्या पाण्यामुळे तेथे मतदान-पथकाला नावेने जावे लागले आहे. अक्षराच्या अडचणीसाठी नाव पाठविता येत नाही.

आणि हा प्रश्न मतदानाच्या दिवसापुरता नाही. अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींविषयीच्या १९९६ च्या कायद्याने ग्रामसभेची व्याख्याच मतदारयादीवरून केली आहे : ज्यांची नावे यादीत, ते सभेचे सभासद. त्याच कायद्याने गाव-पातळीवरील पंचायतीला खर्चिलेल्या निधीच्या विनियोगाचे प्रमाणपत्र ग्रामसभेकडून घेणे भाग पाडले. महाराष्ट्राचे नियम २०१४ मध्ये झाले व त्यांनी पाड्यालाही स्वतंत्र गाव म्हणून जाहीर होण्याची वाट मोकळी केली. तेव्हा यादीतून नाव गळणे म्हणजे मताबरोबर हिशेब विचारण्याचा हक्कही गळणे होय. हिशेबाचा कागद मराठीत असतो आणि डोंगरातील माणसांचे आपसातील बोलणे आपापल्या बोलीत चालते. ठरावाच्या नोंदीत तो सभेला कोणत्या बोलीत वाचून समजावून दिला, हेही लिहिले जावे, अशी सूचना येथे करावीशी वाटते.