शीड आवरण्याचा इतिहास

साहित्याने शीड उभारण्याचे कौतुक भरपूर केले. शीड आवरण्याकडे मात्र त्याचे फारसे लक्ष गेले नाही. मराठीत ‘गाशा गुंडाळणे’ म्हणजे काढता पाय घेणे. समुद्रावर याच्या नेमके उलट आहे. वारा चढू लागला की शीड गुंडाळणे म्हणजे टिकून राहणे. म्हणून शिडाच्या नौकांचा इतिहास हा जितका वारा पकडण्याचा, तितकाच तो वेळीच सोडून देण्याचाही इतिहास आहे.

लहान नौकेच्या नाळेवरचे त्रिकोणी शीड, म्हणजे जिब, या दृष्टीने सर्वांत अवघड. डोलकाठीच्या माथ्यापासून नाळेपर्यंत ताणलेल्या तारेला, फोरस्टेला, ते आकड्यांनी अडकवलेले असते. वादळात ते उतरवायचे तर कोणाला तरी नौकेच्या अगदी टोकाला जावे लागते, आणि लाटा सर्वांत आधी आदळतात त्या तेथेच. माणसाला तेथे जावे लागू नये, या एका इच्छेतून पुढची सारी यंत्रे जन्मली.

या इच्छेचा पहिला मोठा आविष्कार व्यापारी जहाजांवर दिसतो. 1850 मध्ये इंग्लंडमध्ये कनिंगहॅम यांनी पेटंट घेतलेल्या रचनेत शिडाची आडवी काठीच फिरत असे आणि ती खाली घेताना शीड तिच्याभोवती गुंडाळले जाई. खलाशांना काठीवर चढावे लागत नसे. पण काठी फिरवणारी साखळी मध्यभागी असल्याने शिडाला तेथे उभी चीर ठेवावी लागे व ती निराळ्या पट्टीने झाकावी लागे. 1854 मध्ये अमेरिकेत हाऊज यांनी मोठ्या शिडाचे सरळ दोन भाग केले, आणि अखेरीस हाच साधा उपाय रूढ झाला. येथे चातुर्याचा साधेपणाने पराभव केला, असे म्हणता येईल.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात वायकम-मार्टिन यांच्या साधनाने हीच कल्पना जिबला लावली. शिडाच्या पुढच्या कडेत शिवलेली तार, तिच्या तळाशी दोर गुंडाळलेला छोटा ड्रम आणि माथ्याशी मोकळा फिरणारा स्विवेल, एवढाच पसारा. दोर ओढला की ड्रम फिरे आणि शीड स्वतःभोवती गुंडाळले जाई. परंतु तार पिळली जात असल्याने माथा तळाच्या मागे राही. त्यामुळे शीड एकतर पूर्ण उघडे ठेवावे लागे, नाहीतर पूर्ण बंद. अर्धे चालत नसे.

1970 च्या दशकापासून ही मर्यादा सरली. फोरस्टेभोवती खाचेची अॅल्युमिनियमची नळी आली, शिडाची कड त्या खाचेत बसली, आणि ड्रम, नळी व स्विवेल एकत्र फिरू लागले. आता शीड हवे तेवढे ठेवता येऊ लागले, तेही सुकाणूजवळ बसून.

मात्र धोका नाहीसा झाला नाही. त्याने जागा बदलली. आजही गुंडाळणी अडली की तिचे निदान करताना हाच इतिहास उलगडावा लागतो. ड्रमवरचा दोर स्वतःखाली अडकणे हा जुना, ड्रमइतकाच जुना दोष आहे. शीड झटक्यात मोकळे सोडले की दोर सैल गुंडाळला जातो आणि त्याचे पदर एकमेकांवर चढतात. शीड उघडताना दोरावर हलका ताण ठेवणे आणि दोर ड्रमला काटकोनात येईल अशी व्यवस्था करणे, हा त्यावरचा उपाय. वाऱ्यात शीड घट्ट गुंडाळले जाते, त्यामुळे जास्त वेढे लागतात. ड्रमवर ते शिल्लक नसतील तर शेवटचा तुकडा फडफडतच राहतो. बेअरिंगमधले मीठ गोड्या पाण्याने धुऊन जाते.

दुसरा दोष नव्या रचनेचा आहे आणि अधिक घातकही. शीड वर चढवणारा दोर, हॅलियार्ड, स्विवेलपासून डोलकाठीकडे मागच्या दिशेला, साधारण दहा अंशांच्या कोनात निघायला हवा. शीड आखूड असले तर स्विवेल खाली राहतो, हॅलियार्ड नळीला समांतर होतो आणि तिच्याभोवतीच वेढे घेतो. खाली बसलेल्याला एवढेच जाणवते की एक-दोन फेऱ्यांनंतर सारे घट्ट झाले. अशा वेळी तो दोर विंचवर घेऊन जोर लावण्याचा मोह होतो. तो जोर वर फोरस्टेला पिळतो, तारेचे पदर उलगडतात आणि प्रसंगी डोलकाठीच कोसळते. ज्या यंत्राने माणसाला वाचवायचे, तेच त्याच्या हातून नौका मोडवते.

येथे योग्य कृती म्हणजे थांबणे. दुर्बिणीने माथ्याकडे पाहावे, थोडे उलटे फिरवावे, हॅलियार्ड किंचित सैल करावा. वारा पाठीशी घेऊन मुख्य शिडाच्या आडोशाला जिब आणली तर तिच्यावरचा भार उतरतो. किनाऱ्यावर आल्यावर आखूड शिडाला माथ्याशी पुरेशा लांबीची तार जोडून स्विवेल वर न्यावा, किंवा हॅलियार्डला मागे खेचून धरणारी कडी डोलकाठीवर बसवावी.

कनिंगहॅम यांच्या काळातला खलाशी काठीवर चढून अडचण डोळ्यांनी पाहत असे. यंत्राने त्याला खाली आणले, आणि अडचण मात्र वरच राहिली. नव्या सोयीने आपल्याला कोणत्या जागेपासून दूर नेले आणि तिथे आता कोण पाहते, हा प्रश्न तंत्राच्या इतिहासाने विचारायला हवा. नौकेवर त्याचे उत्तर व्यवहार्य आहे: दोर ओढण्याआधी मान वर करावी.