नाशिकच्या कातळातले उलटे ध्रुव

नाशिक जिल्ह्यातल्या काळ्या कातळात एक दिशा गोठलेली आहे, आणि ती आजच्या होकायंत्राच्या जवळजवळ उलट आहे. ब्रह्मगिरी, अंजनेरी, रामशेज, पांडवलेण्यांचा त्रिरश्मी डोंगर, गोदावरीच्या पात्रातले खडक, कसारा घाटातले कडे हे सगळे एकाच कुळातले, बेसाल्ट जातीचे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांमधून लाव्हा बाहेर आला, पसरला, थिजला. त्यावर पुढचा थर आला. लांबून डोंगरांच्या अंगावर ज्या पायऱ्या दिसतात त्या याच थरांच्या. स्वीडिश भाषेतल्या पायरीच्या शब्दावरूनच या खडकाला ‘डेक्कन ट्रॅप’ हे नाव पडले.

लाव्हा बाहेर येतो तेव्हा त्याचे तापमान हजार अंश सेल्सिअसच्या वर असते. त्यात लोह-टिटॅनियमच्या खनिजांचे बारीक कण असतात. तप्त असताना त्यांना चुंबकत्व टिकवता येत नाही. त्यांपैकी मॅग्नेटाइट या खनिजाच्या बाबतीत ही मर्यादा ५८० अंशांची आहे. खडक त्याखाली निवला, की त्या घडीला पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र ज्या दिशेला असेल ती दिशा कणांमध्ये पक्की होते. पुढे क्षेत्र बदलले तरी कातळ आपली पहिली दिशा सहसा सोडत नाही. ती वाचण्यासाठी अट एकच: खडक जागचा हललेला नसावा. पांडवलेणी अखंड डोंगरात कोरलेली असल्याने तिथला खांब आणि त्यामागची भिंत आजही लाव्हा थिजला त्याच स्थितीत आहेत. सातवाहन आणि क्षत्रप राजांचे शिलालेख ज्या भिंतींवर आहेत, त्याच भिंतींत हा कितीतरी जुना लेखही आहे. काळाराम मंदिराचे चिरे मात्र डोंगरातून काढून, घडवून, फिरवून बसवलेले. प्रत्येक चिऱ्यात दिशा आहे, पण ती कशाच्या संदर्भात वाचायची याची खूण पाथरवटाच्या छिन्नीखाली गेली.

कातळातली दिशा वाचण्याची विद्या नाशिकपासून दूर जन्मली. १९०६ साली बर्नार्ड ब्रून्ह या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाने मध्य फ्रान्समधला एक जुना लाव्हा आणि त्याखाली भाजून निघालेली चिकणमाती तपासली. दोन्हींमधली दिशा आजच्या उलट निघाली. लाव्हा आणि माती हे वेगवेगळे पदार्थ. दोघांनी एकच उलटी दिशा सांगावी, याचा अर्थ त्या काळी पृथ्वीचे क्षेत्रच उलटे होते, असा निष्कर्ष त्याने काढला. त्याच वर्षी मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतल्या चुंबकीय नोंदी थांबल्या. १८४१पासून तिथे चुंबकसूचीचे वेध घेतले जात होते. शहरात सूचीला बिघडवणाऱ्या विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर ते काम अलिबागला हलवणे भाग पडले. वेधशाळेचे प्रमुख नानाभाई मूस यांनी १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी ठेवल्या, म्हणून मालिका तुटली नाही. अलिबागच्या काळ्या खडकाने सूची बिघडू नये यासाठी तिथल्या वेधकक्षांना पोरबंदरचा चुंबकत्व नसलेला दगड वापरला. जो गुण वेधशाळेला नको होता, त्याच गुणावर पुढे याच काळ्या खडकाचा इतिहास उलगडला.

१९२९ साली जपानच्या मोतोनोरी मातुयामा यांनी जपान, कोरिया आणि मांचुरियातल्या बेसाल्टांचे निकाल प्रसिद्ध केले. तरुण खडक आजच्या दिशेचे, त्याहून जुने उलट्या दिशेचे, असा क्रम त्यांना दिसला. तरीही शंका मिटली नाही. १९५१च्या सुमारास जपानमधल्या हारुना पर्वताचा एक खडक असा सापडला, की तो निवताना आपणहून क्षेत्राच्या उलट दिशेने चुंबकित होतो. मग उलटे खडक म्हणजे ध्रुवबदलाचा पुरावा की खनिजांची करामत, हा वाद दशकभर चालला.

हा वाद ऐन भरात असताना दख्खनचा कातळ त्यात शिरला. केंब्रिजमध्ये शिकणाऱ्या टेड अर्व्हिंगने भारतातून मागवलेले दख्खनचे काही नमुने मोजले आणि भारत दक्षिणेकडून सरकत आला असावा असे मांडले. त्याच सुमारास भौतिकशास्त्रज्ञ पॅट्रिक ब्लॅकेट यांनी फिरत्या वस्तूंना आपोआप चुंबकत्व येते का हे तपासण्यासाठी अतिसंवेदनशील चुंबकमापक बनवला होता. ती कल्पना प्रयोगात टिकली नाही, पण यंत्र खडकांच्या कामी आले. लंडनच्या इंपीरियल कॉलेजातल्या त्यांच्या गटाने १९५०च्या दशकात दख्खनचे खडक मोजले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉइच, राधाकृष्णमूर्ती आणि सहस्रबुद्धे यांनी तेच काम घाटांमधून पुढे नेले. आपल्या पायाखालचा दगड आपल्याच प्रयोगशाळेत वाचला जाण्याची ही सुरुवात होती, आणि तिचे मोल मोठे आहे.

त्यांना खालचे थर उलटे आणि वरचे सुलटे आढळले. बदलाची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर धरली गेली आणि हा नियम बरीच वर्षे वापरात राहिला. नाशिकच्या बाजूला तो लागू पडत नाही. दख्खनचे थर डोळ्यांना आडवे वाटले तरी दक्षिणेकडे अगदी हलके उतरते आहेत. त्यामुळे उत्तरेला जो थर डोंगरमाथ्यावर दिसतो, तो दक्षिणेला खोल गाडला गेलेला असतो. १९८०च्या दशकात के. व्ही. सुब्बाराव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी थरांची रासायनिक ओळख पटवून त्यांचा क्रम लावला. त्यातल्या तळाच्या गटाला कळसूबाईचे आणि त्यातल्या एका थरसमूहाला इगतपुरीचे नाव मिळाले. कळसूबाई १६४६ मीटर उंच, राज्यातले सर्वोच्च शिखर. पण तिथले थर क्रमाने जुने, आणि इगतपुरी–कळसूबाई पट्ट्यात ते जवळजवळ सगळे उलटे. सुलटे थर वाचायला महाबळेश्वरच्या उंचीवर जावे लागते. खडकाची उंची म्हणजे त्याचे वय, ही चूक दुरुस्त व्हायला दोन दशकांहून अधिक काळ गेला.

नमुना काढण्याचे काम किचकट असते. पाण्याने गार ठेवलेल्या पोकळ हिरकणी बिटने अडीच सेंटिमीटर व्यासाची कांडी कातळात कापतात. ती तोडण्यापूर्वी तिच्यावर रेघ मारून तिचा कल आणि दिशा नोंदवतात. इथे होकायंत्रावर विसंबता येत नाही, कारण कातळ स्वतःच सूची ओढतो. म्हणून उन्हात एक छोटी काडी उभी करून तिच्या सावलीवरून आणि घड्याळातल्या वेळेवरून दिशा ठरवतात. गडांचे माथे टाळतात; तिथे वीज पडून खडकाची मूळ दिशा पुसली गेलेली असते. घाटरस्त्याची आणि खाणीची ताजी कापणी सगळ्यांत भरवशाची. प्रयोगशाळेत कांडी टप्प्याटप्प्याने तापवून नंतर चिकटलेले चुंबकत्व झाडून टाकतात आणि उरते ते मोजतात.

दख्खनच्या उलट्या थरांमध्ये उरलेली दिशा दक्षिण-आग्नेयेकडे असते आणि ४५–५० अंशांनी खाली झुकलेली असते. या झुकावावरून अक्षांश काढता येतो: लाव्हा थिजला तेव्हा ही भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेला तीसएक अंशांवर होती. आज नाशिक २० अंश उत्तरेला आहे. ठीक दक्षिणेऐवजी आग्नेयेकडे झालेला कल सांगतो, की या प्रवासात भारत घड्याळाच्या काट्यांविरुद्ध थोडा वळलाही.

ध्रुव का उलटतात, याचे उत्तर २,९०० किलोमीटर खोल आहे. तिथून पृथ्वीचा बाह्यगाभा सुरू होतो. तो वितळलेल्या लोखंडाचा आहे. आतली उष्णता बाहेर जाताना हे लोखंड ढवळले जाते, वर्षाला दहा-वीस किलोमीटर वाहते आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे पिळवटत जाते. वाहत्या धातूत वीजप्रवाह निर्माण होतो आणि त्यातून चुंबकीय क्षेत्र. या यंत्रणेला उत्तर-दक्षिणेचा पक्षपात नाही. तिच्या समीकरणांत क्षेत्राचे चिन्ह उलटे केले तरी ती तितकीच खरी राहतात. गाभ्याच्या काही भागांत उलट्या दिशेचे क्षेत्र वाढत जाते, मुख्य क्षेत्र दुबळे होते आणि पुन्हा उभे राहताना कधी उलट दिशेने उभे राहते. हे काही हजार वर्षे चालते. १९९५ साली ग्लाट्झमायर आणि रॉबर्ट्स यांच्या संगणकीय प्रतिकृतीत असा बदल बाहेरून काहीही न ढकलता घडला. सूर्यावर हेच सुमारे ११ वर्षांनी घडते. सूर्याचा विषुववृत्ताजवळचा भाग ध्रुवांपेक्षा भरभर फिरतो, त्यामुळे क्षेत्र गुंडाळले जाऊन ठरावीक चक्रात उलटते. सूर्याचे ध्रुव उलटताना प्रथम १९५७–५८मध्ये पाहिले गेले. पृथ्वीच्या बदलांना असे वेळापत्रक नाही. डायनासोरांच्या काळात सुमारे ३ कोटी ७० लाख वर्षे एकही बदल झाला नाही. शेवटचा बदल साधारण ७ लाख ८० हजार वर्षांपूर्वीचा.

खनिजांची करामत की ध्रुवबदल, या वादाचा निकाल १९६०च्या दशकात लागला. समान वयाचे खडक जगभर समान दिशा दाखवतात, हे पोटॅशियम-आर्गॉन कालमापनाने सिद्ध झाले. १९६३ साली व्हाइन आणि मॅथ्यूज यांनी समुद्रतळावरचे सुलट-उलट पट्टे उलगडले. त्यासाठी त्यांनी वापरलेले सर्वेक्षण हिंदी महासागराच्या तळावरच्या कार्ल्सबर्ग पर्वतरांगेवरचे होते. यातून बदलांचे कॅलेंडर तयार झाले आणि नाशिकच्या उलट्या थरांना त्यात जागा मिळाली. १९८६ साली व्हिन्सेंट कुर्तियो यांच्या गटाने मांडले, की दख्खनचा बहुतेक लाव्हा ‘२९आर’ या एकाच उलट्या कालखंडात आला. हा कालखंड सुमारे ७ लाख वर्षांचा, आणि डायनासोरांचा अंतही त्यातच येतो.

त्याहून बारीक घड्याळही याच कातळात आहे. ध्रुव न उलटताही क्षेत्राची दिशा शतकागणिक काही अंश भटकत राहते. कुलाबा–अलिबागच्या नोंदींत हेच भटकणे दिसते. लागोपाठच्या लाव्हाथरांत दिशा थोडी थोडी बदललेली असेल तर मधे शतके गेली. शेकडो मीटर जाडीच्या थरांत ती तंतोतंत एकच असेल, तर ते सगळे थर शंभर वर्षांच्या आत एकावर एक साचले. घाटांमध्ये असे गठ्ठे अनेक आहेत, आणि त्यांच्या मधली लाल मातीची पट्टी म्हणजे पुढचा लाव्हा येईपर्यंत खडक उन्हापावसात कुजत पडल्याची खूण.