ट्रॅक डेसाठी छोट्या गाडीचे ब्रेक : आधी काय, नंतर काय?

छोटी हॅचबॅक घ्यायची, तिचा एअर फिल्टर, सायलेन्सर आणि ईसीयू बदलून इंजिनची ताकद वाढवायची, हा छंद आता महानगरांपुरता राहिलेला नाही. २००५ मध्ये आलेली मारुती स्विफ्ट आणि २०१० मध्ये बाजारात आलेली, चाकणला तयार झालेली फोक्सवॅगन पोलो या गाड्यांनी तो लातूर, नांदेडसारख्या शहरांतही पोहोचवला. मात्र वेग वाढवण्यावर हजारो रुपये खर्च करणारे बहुतेक गाडीमालक ब्रेककडे सर्वांत शेवटी पाहतात. वास्तविक क्रम उलटा असायला हवा.

ट्रॅक डे म्हणजे स्पर्धा नव्हे. ठरावीक शुल्क भरून, हेल्मेट घालून, बंदिस्त ट्रॅकवर स्वतःची गाडी वेगाने चालवण्याची ती संधी असते. लातूर वा नांदेड येथे असा ट्रॅक नाही. लातूरकरांना सर्वांत सोयीचा ठरतो तो पुण्याजवळ तळेगाव परिसरातील नानोली स्पीडवे. अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टई येथील ट्रॅक नांदेडहून नऊशे किलोमीटरच्या घरात आहे. म्हणजे बहुतेकांना ज्या गाडीने ट्रॅकवर उतरायचे, त्याच गाडीने महामार्गावरून घरीही परतायचे असते. ब्रेकचा विचार या दोन्ही गरजा ध्यानात ठेवून करावा लागतो.

उष्णता हाच खरा शत्रू

ब्रेक गाडीची गतिज ऊर्जा उष्णतेत बदलतात. वेग दुप्पट झाला की ही ऊर्जा चौपट होते. चालकासह एक हजार किलो वजनाची गाडी ताशी १४० किलोमीटरवरून ६० पर्यंत आणली, तर सुमारे ६०० किलोज्यूल ऊर्जा बाहेर पडते. त्यातील ७० टक्के वाटा पुढच्या ब्रेकवर आला आणि प्रत्येक डिस्क पाच किलोची धरली, तर अशा एकाच ब्रेकिंगमध्ये तिचे तापमान सुमारे ९० अंशांनी वाढते. रस्त्यावर त्यानंतर डिस्क थंड व्हायला अवधी मिळतो. ट्रॅकवर पुढचे वळण काही सेकंदांत येते आणि उष्णता साठत जाते.

याचे परिणाम दोन प्रकारे जाणवतात. पेडल घट्ट राहते, पण गाडी थांबत नाही, तेव्हा पॅड प्रमाणाबाहेर तापून पकड सोडू लागलेले असतात. पेडल स्पंजासारखे मऊ लागते किंवा थेट खाली जाते, तेव्हा ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे झालेले असतात. वाफ दाबली जाते, त्यामुळे पायाचा जोर कॅलिपरपर्यंत पोहोचतच नाही. हा दुसरा प्रकार अधिक घातक होय.

आधी ऑइल, मग पॅड

म्हणूनच सर्वांत कमी खर्चाची आणि सर्वांत महत्त्वाची सुधारणा म्हणजे ताजे ब्रेक ऑइल. मानकानुसार डॉट ३ ऑइलचा किमान उत्कलनबिंदू २०५ अंश सेल्सियस, डॉट ४ चा २३० आणि डॉट ५.१ चा २६० अंश असतो. पण हे ऑइल हवेतील ओलावा शोषते. पाणी मुरल्यावर डॉट ४ साठी हीच मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येते. गॅरेजच्या फळीवर झाकण उघडलेला जुना डबा वापरू देऊ नये. नवा डबा समोर फोडून घ्यावा आणि चारही चाकांची हवा काढून घ्यावी. नाव सारखे वाटले, तरी सिलिकॉनयुक्त डॉट ५ हे वेगळे ऑइल आहे. ते यात मिसळू नये.

दुसरा क्रम पॅडचा. अधिक तापमान सोसणारे पॅड मिळतात. पण केवळ स्पर्धेसाठी बनवलेले पॅड थंड असताना नीट पकडत नाहीत. सकाळी अहमदपूर किंवा लोह्याच्या रस्त्यावर अचानक बैलगाडी आडवी आली, तर असे पॅड दगा देऊ शकतात. घरी परतायच्या गाडीत रस्ता व ट्रॅक दोन्हींसाठीचे मध्यम प्रतीचे पॅड घालावेत किंवा ट्रॅकवर पोहोचल्यावर पॅड बदलावेत. निम्म्याहून अधिक झिजलेले पॅड घेऊन ट्रॅकवर उतरू नये. डिस्कवर तिची किमान जाडी कोरलेली असते; तीही मोजून घ्यावी.

स्टीलच्या जाळीचे ब्रेक पाइप बसवल्याने पेडल घट्ट व अचूक लागते. थांबण्याचे अंतर मात्र त्यामुळे आपोआप कमी होत नाही. ते अखेर टायरच्या पकडीवर ठरते. झिजलेल्या टायरवर कितीही महाग ब्रेक लावले, तरी चाक लॉक होण्यापलीकडे काही साधत नाही.

मोठी डिस्क केव्हा?

एवढे करूनही ब्रेक तापत असतील, तरच मोठ्या डिस्क आणि कॅलिपरचा विचार करावा. मोठी डिस्क उष्णता अधिक साठवते आणि लवकर सोडते; परंतु ती चाकाच्या रिमला घासणार नाही, हे आधी तपासावे लागते. भोके पाडलेल्या डिस्कला तापल्यावर भोकांपासून तडे जाण्याचा धोका असतो. मागच्या ड्रमच्या जागी डिस्क बसवण्याचा मोहही टाळावा. ब्रेक लावताना वजन पुढे झुकते. मागे अवाजवी जोर मिळाला, तर मागची चाके आधी अडकतात आणि गाडी गरकन फिरते. एबीएसची मांडणीही मूळ ब्रेकच्या मापानुसार केलेली असते.

कायद्याची चौकट

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका घेतली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड अथवा दोन्हींची तरतूद झाली. ऑइल आणि मूळ मापाचे पॅड बदलणे ही देखभाल होय. डिस्क-कॅलिपरचे माप बदलणे ही वेगळी गोष्ट. असे बदल केलेली गाडी ट्रॅकपुरतीच ठेवावी व ट्रकवर लादून न्यावी.

ट्रॅकवर आणि परतताना

नव्या पॅडचा डिस्कवर समान थर बसण्यासाठी पहिल्या फेरीत वेग टप्प्याटप्प्याने आठ-दहा वेळा कमी करावा. गाडी पूर्ण थांबवू नये. प्रत्येक सत्राची अखेरची फेरी ब्रेक न वापरता संथ गतीने घ्यावी. गाडी उभी केल्यावर हँडब्रेक ओढू नये. ती गिअरमध्ये ठेवून चाकाखाली अडसर लावावा. परतीच्या प्रवासाआधी पॅडची जाडी, ऑइलची पातळी आणि पेडलचा घट्टपणा पुन्हा पाहावा. पेडल किंचितही मऊ लागले, तर हवा काढल्याविना गाडी महामार्गावर आणू नये. ट्रॅकवर चूक झाली, तर बाजूला मोकळी जागा असते. लातूर-नांदेड रस्त्यावर ती नसते.