झुरळांची पावडर

१८ नोव्हेंबर १९४२. अमेरिकेतील ओरेगन राज्यात, सेलम शहराच्या सरकारी मनोरुग्णालयात रात्रीच्या जेवणाला अंड्यांची भुर्जी होती. अशा ठिकाणी त्या काळी केवळ मनोरुग्ण नसत. घरी सांभाळ न होणारी म्हातारी माणसंही तिथेच आणून ठेवली जात. काही घास पोटात जातात न जातात तोच लोक पोट धरून कोसळू लागले, रक्ताच्या उलट्या सुरू झाल्या. तासाभरात पहिला मृत्यू झाला. एकूण ४६७ जण आजारी पडले आणि ४७ दगावले.

एका वॉर्डातल्या नर्सने वाढण्यापूर्वी चव घेतली. तिला काहीतरी बिघडलेलं वाटलं आणि तिने ती भुर्जी कुणाला खाऊ दिली नाही. तिचा वॉर्ड वाचला.

युद्धाचे दिवस होते, त्यामुळे आधी घातपाताचा संशय आला. मग सरकारी गोदामातून आलेल्या गोठवलेल्या अंड्यांवर बोट गेलं. खरं कारण स्वयंपाकघराच्या खालीच होतं. माणसं कमी असल्याने मदतीला रुग्णच घेतले जात. स्वयंपाक्याने अशाच एका रुग्णाच्या हाती किल्ली देऊन त्याला तळघरातून दूध पावडर आणायला पाठवलं. त्याने आणलं सोडियम फ्लोराइड, म्हणजे झुरळं मारायची पावडर. तीही पांढरी, तिलाही वास नाही. सुमारे सहा पौंड, म्हणजे जवळजवळ पावणेतीन किलो विष अंड्यांत मिसळलं गेलं. चूक लक्षात आल्यावरही स्वयंपाकघरातले दोघे भीतीपोटी काही काळ गप्प राहिले. पुढे त्यांना अटक झाली, पण ज्युरीने खटला भरायला नकार दिला. तो रुग्ण मात्र पुढचं बहुतेक आयुष्य त्याच रुग्णालयात, त्याच लोकांत राहिला. त्याला शिक्षा कुणी सुनावली नाही, तरी ती त्यानेच भोगली असं मला वाटतं. विष आणि अन्न शेजारी ठेवायचं हे काही त्याने ठरवलं नव्हतं.

आणि हे पहिल्यांदाच घडत होतं असंही नाही. दोनच वर्षांपूर्वी पिट्सबर्गमध्ये साल्व्हेशन आर्मीच्या स्वयंपाकघरात झुरळांची पावडर पॅनकेकच्या पिठात गेली होती आणि माणसं मेली होती. तरीही सेलमच्या तळघरात तिचा रंग पांढराच राहिला. १९४७ साली अमेरिकेच्या केंद्रीय कीटकनाशक कायद्याने सोडियम फ्लोराइड आणि आर्सेनिकच्या काही पावडरी रंग मिसळल्याशिवाय विकायला बंदी केली. पिठात किंवा दुधात पडली तर डोळ्यांना दिसावी, एवढाच हेतू.

आमच्या घरी अम्मी झुरळांसाठी कणकेत साखर आणि बोरिक पावडर मळून गोळ्या करायची. बोरिक काही तेवढं जहाल नाही. पण डबा मैद्याच्याच फळीवर असायचा, आणि ती पावडर आपल्याकडे आजही पांढरीच मिळते.