नव्या कॉम्प्युटरवर जुनी मराठी फाइल का वाचता येत नाही?

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपल्याने अनेकजण कॉम्प्युटर बदलत आहेत. फोटो, व्हिडिओ हार्ड डिस्कवरून सहज हलवता येतात. पंचाईत होते ती श्रीलिपी, कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या सोसायटीच्या ठरावांची किंवा वडिलांच्या कवितांची. फाइल उघडते, पण इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो. मजकूर खराब झालेला नसतो. फाइलमध्ये मुळात रोमन अक्षरांचेच कोड असतात, त्यांना मराठी रूप देतो तो फॉन्ट. आणि तो ‘डॉक्युमेंट्स’मध्ये नसतो, ‘विंडोज’मधल्या ‘फॉन्ट्स’ फोल्डरमध्ये असतो, म्हणून हमखास मागे राहतो. तोही कॉपी करा. कन्व्हर्टरने मजकूर युनिकोडमध्ये आणलात तर जोडाक्षरं आणि रफार तपासा. नव्या मशीनवर फाइली वाचून पाहिल्याशिवाय जुनी डिस्क फॉरमॅट करू नका.